गळ्याचे दुसरे दार

कारंजा (लाड),
२४ मे १९७८

श्रीमान हीरालालजी यांस,
कैलासचंदाचा जय जिनेंद्र.

पत्रास कारण की, आपल्या भगिनीविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे. बायकोविरुद्धच्या फिर्यादीला तिचे माहेर हेच शेवटचे कोर्ट, म्हणून ती आपल्यापुढे दाखल करीत आहे.

सध्या वैशाख चालू आहे. आमच्या गल्लीतली कुत्री नालीतून उठायला तयार नाहीत. बाजारातले अडते डोक्यावर ओला दुपट्टा टाकून भाव बोलतात. अशा ऋतूत सौ. कंचनबाई मला मफलर घालायला लावतात. लोकरीचा, तपकिरी, कडेला गोंडे असलेला. तो आपणच मागे एका दिवाळीला दिला होता, म्हणजे आपणही या गुन्ह्यात सामील आहात. दारात कोणाची सावली पडली की आतून एकच शब्द येतो, "मफलर!" आणि मी, भर दुपारी, हिमालयात निघाल्यासारखा गळा गुंडाळून पाहुण्यासमोर बसतो. पाहुणा बिचारा घाम पुसत माझ्याकडे बघतो. न्याय व्हावा.

मफलर कशासाठी, हे आपण विचारणार नाही. आपण काहीच विचारणार नाही, कारण आपण माझ्याशी बोलत नाही. तेव्हा मीच सांगतो.

फाल्गुनात आम्ही नागपूरला निघालो, तेव्हा आपण मुद्दाम वाशीमहून येऊन कारंज्याच्या एस.टी. स्टँडवर उभे होता. चार माणसांदेखत आपण म्हणाला, "जवाईबापू, गळा चिरून घ्याले चालले काय? गळा चिरून कोनी बरा झालेला पाह्यला तुमी? तुमी गाडीत चढले, तं माहा पाय पुन्हा तुमच्या उंबऱ्याले लागनार नाही, सांगून ठेवतो." मी चढलो. आपल्या पायांनी शब्द पाळला, याबद्दल त्यांचे कौतुक आहे. परंतु बाकीचे भाकीत चुकले. आपली बहीण सवाष्ण आहे आणि या क्षणी स्वयंपाकघरात कसलीशी डाळ भाजते आहे. मी जिवंत आहे. जन्माला आलो तेव्हापेक्षा माझ्या देहाला एक दार जास्त आहे, एवढाच फरक.

आपल्या शास्त्रात झोपेचे पाच प्रकार सांगितलेत. निद्रा, निद्रानिद्रा, मग प्रचला, म्हणजे बसल्या बसल्या पेंगणे, प्रचलाप्रचला, म्हणजे चालता चालता पेंगणे, आणि पाचवा, ज्यात माणूस झोपेतच उठून कामे उरकून येतो. पाचवा सोडून बाकी सारे कित्येक वर्षे माझ्याकडे बिऱ्हाड करून होते. वाशीमला आपल्या मुलीच्या साखरपुड्यात व्याह्यांसमोर मी असा घोरलो की त्यांना शेजारी कापसाचे जिनिंग सुरू झाल्यासारखे वाटले. वर्गात शिकवताना फळ्याकडे तोंड करून उभ्याने झोपलो आहे. आणि गेल्या भाद्रपदात, दशलक्षणाच्या दहा दिवसांत, मंदिरातल्या शास्त्राच्या गादीवर, सूत्र अर्धे वाचून माझी मान खाली गेली ती वर आली नाही. पंचांनी मला हाताला धरून, फार अदबीने, गादीवरून खाली उतरवले. लोक म्हणाले, प्रमाद. आळस. मीही तेच म्हटले. स्वतःच्या आळसावर मी इतका विश्वास ठेवला की औषध शोधायचे सुचलेच नाही.

नागपूरच्या मोठ्या इस्पितळातले डॉक्टर काटकुळे, वयाने आपल्या धाकट्या भावाएवढे. ते एक रात्र माझ्या खाटेशी बसून राहिले आणि सकाळी म्हणाले, "पंडितजी, तुम्ही झोपतच नाही. तुम्ही रात्रभर बुडता आणि वर येता." झोप लागली की माझ्या घशाच्या भिंती एकमेकींना चिकटतात, श्वास थांबतो, शरीर घाबरून जागे होते, दोन घोट हवा घेते आणि पुन्हा बुडते. हे रात्रभर. दिवसा जी येत असे ती झोप नव्हती, ती थकबाकी होती. परदेशात अशा काही रोग्यांना गळ्याच्या खालच्या अंगाला दुसरे दार करून देतात, असे त्यांनी वाचले होते. दार म्हणजे चांदीची वाकडी नळी. रात्री ती उघडी ठेवायची, म्हणजे वरचे दार मिटले तरी हवा येत राहते. दिवसा तिला बूच लावायचे आणि पूर्वीसारखे तोंडाने बोलायचे.

नळी घातल्यावर पहिल्यांदा झोपलो आणि उठलो, तेव्हा सकाळ झाली होती आणि मधे काही नव्हते. मला वाटले, मेलो. मग आठवले की स्वप्न पडले होते. मला स्वप्न पडल्याला युगे झाली होती. स्वप्नात आपण होता, तुरीचा भाव करीत होता, आणि माझे ऐकत नव्हता. त्यावरून ओळखले की मी याच लोकात आहे.

बुचाची वेळ अजून आलेली नाही. जखम पुरती बसू द्या, म्हणाले. तोवर सारी हवा नळीतून जाते, तोंडाला आवाजच मिळत नाही, म्हणून मी पाटीवर लिहून बोलतो. अडचण एवढीच, की पंचांच्या वतीने माणिकचंद शेठ येऊन गेले. यंदा भाद्रपदात गादीवर कोणाला बसवायचे ते त्यांना ठरवायचे आहे. बाहेरून कोणी बोलवायचा तर आधी कळवावे लागते. पाटीवर शास्त्र वाचता येत नाही, हे त्यांनी न बोलता सांगितले.

मी बसणार आहे, हीरालालजी. हे आपल्याला कळवून ठेवतो. आपण काहीही कळवू नका.

आपला,
कैलासचंद


४ जून

श्रीमान हीरालालजी यांस जय जिनेंद्र.

आपली तार मिळाली. "दीक्षा घेऊ नये. कंचनला वाशीमला पाठवा. हीरालाल." मी वाचली आणि पाटीसारखी ती आपल्या बहिणीपुढे धरली. तिने वाचली, हातातली कढई खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की मला वाटले आता हिलाही नळी लागते.

मी दीक्षा घेतलेली नाही. घेणार नाही. केशलोचात हाताने उपटायला डोक्यावर पुरेसे केसही राहिलेले नाहीत. गैरसमज शेजारच्या भागिरथीबाईंपासून निघाला. त्यांनी दारातून पाहिले: पांढरे कपडे, दाढी-मिशी साफ, तोंडातून शब्द नाही, डॉक्टरांच्या हुकुमाने उकळलेले पाणी, आणि त्यांनी आणलेला बुंदीचा लाडू मी हात जोडून परत केला. लाडू गिळताना ठसका लागला असता, एवढेच कारण होते. परंतु संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीत झाले, की पंडितजींनी मौन घेतले, आता मुनींचे पिंछी-कमंडलू यायचे तेवढे बाकी आहे.

मग नारळ येऊ लागले. माणसे उंबऱ्याला हात लावून आत येतात, माझ्यासमोर बसतात, आणि आपापली दुःखे सांगतात. मी मान हलवतो. ती समाधानाने जातात. तीस वर्षे बोलून जे साधले नाही ते न बोलता साधले, याचे मला वैषम्य वाटते. मी पाटीवर ठळक लिहिले, "मी आजारी आहे." भागिरथीबाईंना वाचता येत नाही. त्यांनी पाटी कपाळाला लावली.

"पाहा वो कंचनबाई," त्या म्हणाल्या, "कसं तेज आलं पंडितजीच्या तोंडावर!"

"झोपून राह्यले ना रोज," आपली बहीण म्हणाली, "म्हनून आलं तेज. तुमी बी झोपा."

ही वार्ता वाशीमपर्यंत कोणत्या गाडीने पोचली ते मी शोधतो आहे. तोवर, ज्याचे तोंड पाहणार नव्हता त्याला तार केल्याबद्दल आभारी आहे.

मफलरचा खटला मात्र बाहेरच्या बाहेर निकाली निघाला. शफीक टेलरकडे सदरा शिवायला गेलो होतो. त्याने माप घेताना मफलर सोडला, नळी पाहिली आणि टेप खांद्यावर टाकून विचारले, "दर्द होता क्या पंडितजी?" मी नकारार्थी मान हलवली. "तो फिर छुपाते काहून? मेरे अब्बा के नकली दात पूरे मोहल्ले ने देखे. अब्बा खुद दिखाते थे, निकाल के." त्याने बंद गळ्याचा सदरा शिवला, मधे नळीपुरती जागा ठेवून, आणि वर मलमलीची छोटी झापड. पुढचे तीन सदरेही तसेच शिवायचे त्याने स्वतःच ठरवले.

त्या मलमलीवरून घरात एक शास्त्रार्थ झाला तो सांगतो. नळीतून जाणारी हवा नाकातून गेलेली नसते. ती कोरडी आणि धुळीची. म्हणून नळीच्या तोंडावर ओले कापड हवे. म्हणजे आजवर आपल्या घरांतून पाणी गाळले जात होते, मी आता हवाही गाळून घेतो. आपल्या पंथात माझ्याइतका काटेकोर श्रावक सापडणार नाही. परंतु परवा मलमलीवर एक चिलट अडकलेले निघाले, जिवंत. पाणी गाळल्यावर गाळण्यातले जीव आपण परत विहिरीत सोडतो. मग हवेतले कुठे सोडायचे? कंचनबाई कापड हातात धरून अंगणात उभ्या राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "ज्या दिशेनं आलं त्या दिशेले फुंकते," आणि फुंकले. मी हे आचारशास्त्रात घालावे म्हणतो.

उद्या बूच लावायचे आहे. श्रुतपंचमीला, शास्त्रपूजेच्या दिवशी, पंचांनी मला एक पान वाचू द्यायचे कबूल केले आहे. त्यावर भाद्रपदाचे ठरेल.

आपला (गृहस्थाश्रमी),
कैलासचंद


१२ जून

हीरालालजींस जय जिनेंद्र.

आज विनोद थोडा कमी मिळेल. मालाची आवक नाही.

बूच लावणे म्हणजे काय ते लिहून कळत नाही. खालच्या दारातून मोकळी हवा घेण्याची गळ्याला सवय झालेली असते. ते बंद केले की तो वरचा रस्ता विसरलेला असतो. पहिल्यांदा लावले तेव्हा मी माझ्याच ओसरीवर बुडालो. डोळे पांढरे झाले. आपल्या बहिणीने बूच काढले, पाठ चोळली, थोडे थांबून पुन्हा लावले. आवाज आला तो भिजलेल्या डफासारखा. तिची इच्छा होती की पहिला शब्द णमोकार मंत्रातला निघावा. माझीही होती. निघाला तो, "उकडतंय."

श्रुतपंचमीला शास्त्रे बाहेर काढली, पुसली, नवी वेष्टने घातली. मी गादीवर बसलो. सारे गाव आले होते, अर्धे शास्त्रासाठी आणि अर्धे, मौनी महाराज मौन सोडणार म्हणून. पहिल्या ओळी बऱ्या गेल्या. मग एका समासात ओळीने महाप्राण आले. भ म्हटला, सावरलो. ध म्हटला, आतून जोर लागला, आणि बूच सुटले ते माणिकचंद शेठांच्या टोपीवर आपटून अक्षतांच्या ताटात पडले. मी बोलत राहिलो, परंतु ओठ हलत होते आणि नुसता वारा वाजत होता. मागे कोणीतरी हसले. हसणाऱ्याला दोष देत नाही. मी असतो तर हसलो असतो. माणिकचंद शेठांनी ताटातून बूच उचलून दोन्ही हातांनी मला दिले, प्रसाद द्यावा तसे, आणि म्हणाले, "राहू द्या, पंडितजी. राहू द्या." गेल्या भाद्रपदात खाली उतरवताना त्यांचा आवाज असाच मऊ होता.

उन्हाळ्याने नळीत खपली धरते. जिनिंगकडून वारा आला की रुईचे तंतू येतात आणि खोकता खोकता जीव नकोसा होतो. आतली नळी दिवसातून अनेकदा काढायची, सोड्याच्या पाण्यात धुवायची, उकळायची, परत घालायची. श्रुतपंचमीच्या संध्याकाळी मी पाटीवर लिहिले, "नागपूरला जाऊ. काढून टाकू. घोरत जगलेले बरे."

आपल्या बहिणीने पाटी घेतली, वाचली, पदराने पुसली आणि म्हणाली, "हे मले वाचता येत नाही."

तिला उत्तम वाचता येते. तिला मीच शिकवले आहे.

दुसऱ्या दिवशी तिने बुचाला दोरा ओवून नळीच्या कड्याला बांधला, म्हणजे सुटले तरी माणिकचंद शेठांचे डोके सुरक्षित. मग समोर बसली. हातात पिंजलेल्या रुईचा पुंजका. तो माझ्या बुचाजवळ धरायचा आणि मला म्हणायला लावायचे, ख, घ, छ, झ. पुंजका हलला की बुचाच्या कडेने वारा सुटला, पुन्हा म्हणा. लहानपणी गुरुजींनी छडी घेऊन महाप्राण घोटवून घेतले होते, आता पत्नी रुई घेऊन घोटवून घेते. त्यात एक दिलासा आहे. मी वऱ्हाडात जन्मलो. इथे माणूस आमी म्हणतो, तुमी म्हणतो, महाप्राण जपून वापरतो. नुसता संसार करायचा असता तर मी आजच पूर्ण बरा झालो असतो. शास्त्रासाठी मात्र पूर्ण वारा लागतो.

पंच आषाढात बाहेरच्या वाचकाला लिहिणार आहेत. मी त्यांच्याकडे श्रावणापर्यंत मुदत मागितली आहे. मिळेल असे नाही.

कैलासचंद


२० ऑगस्ट

श्रीमान हीरालालजी,

जय जिनेंद्र. माल आला आहे.

एक जुनी गोष्ट आपल्याला खुलासेवार सांगायला हवी. माझे थोडे शेत किन्हीराजा गावी आहे, सोमला नावाचा गडी ते पाहतो. गेली काही वर्षे मी शेतावर जायला निघे आणि संध्याकाळी अचानक आपल्या वाशीमच्या दुकानात उगवे. आपण गहिवरून म्हणत असा, "जवाईबापूले आमची लई ओढ." हीरालालजी, ओढ आहेच. परंतु खरे कारण असे, की शेलूबाजार सुटले की मला झोप लागे, किन्हीराजा झोपेत जाई, आणि वाहक अमरसिंग मला थेट वाशीमला गदागदा हलवून उतरवी. आपल्या घरचे जे श्रीखंड मी खाल्ले ते रोगाच्या खात्यावर लिहावे.

परवा मी त्याच गाडीने निघालो. बूच लावलेले, खिडकीशी बसलेलो. सोयरे पाहावेत तसे मी शेते पाहत गेलो. ज्वारी पोटरीला आली आहे, कपाशी हिरवीगार आहे, हे सारे त्या रस्त्याला होते हे मला ठाऊकच नव्हते. किन्हीराजा आले आणि मी उठून उभा राहिलो.

अमरसिंग दचकला. "पंडितजी, आज जागेच! तब्येत बरी नाही काय?"

"उतरायचं आहे," मी म्हणालो. मोठ्याने. पूर्ण गाडीला ऐकू जाईल असा.

"वाशीमले नाही येत? हिरालाल सेठ स्टँडवर येऊन इचारत असते, आमचे जवाई झोपून तं नाही आले म्हनून."

हे त्याने सांगितले, मी विचारले नव्हते. स्टँडवर आपले काय काम असते ते मीही विचारत नाही.

शेतावर सोमलाने मला पाहून डवरणी थांबवली. "मालक, तुमी? गावात तं आइकलं का तुमी साधू होऊन निंघून गेले." मग त्याने नळीकडे पाहिले, जवळ आला, वाकून पाहिले. "यातून बिडी ओढता येते काय?" मी म्हणालो, शास्त्रात तसा निषेध सापडत नाही, पण डॉक्टर मारतील. त्याला खेद झाला.

शाळेत संस्कृतचा तास आता खरोखर होतो, याबद्दल पालकांत समाधान आणि मुलांत शोक आहे. मी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो, आणि सरकार कोणाचे आहे हे मला चालू महिन्यातले ठाऊक असते. डोके सकाळी दुखत नाही. बायकोशी भांडताना मधेच पेंगत नाही; त्यामुळे भांडणे मी हरतो हे प्रथमच ध्यानात आले, पूर्वी निकालाआधीच झोपत असे.

आणि पंच. माणिकचंद शेठ घरी आले. मी त्यांच्यासमोर एक पान वाचले, अवघड होते तेच निवडून. पुंजका धरून कंचनबाई शेजारी. पुंजका जागचा हलला नाही. शेठांनी वाकून नळी जवळून पाहिली. मग त्यांनी खरी शंका काढली.

"पंडितजी, राग नका मानू. त्या भोकातून शास्त्रावर थुंका तं नाही उडन?"

"शेठ," मी म्हणालो, "वीस वर्षे तोंडातून उडत होता. तेव्हा कोणी विचारले नाही. आता तर समोर मलमल आहे."

शेठ हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला, आणि आपल्या बहिणीने सवयीने त्यांचीही पाठ चोळली.

बाहेरच्या वाचकाला पत्र गेलेले नाही. भाद्रपद शुद्ध पंचमीपासून मी बसणार आहे, दहाही दिवस. आपण येणार नाही हे मला माहीत आहे. तरी पंक्तीत एक पान जास्त मांडायला सांगितले आहे. कोणासाठी, असे कोणी विचारले तर मी म्हणेन, ठाऊक नाही.

आपला,
कैलासचंद


१८ सप्टेंबर

हीरालालजी,

काल क्षमावाणी झाली. आपले छापील कार्ड आले. त्यात माझे नाव आपल्या मुनीमाच्या अक्षरात आहे आणि खाली सही आपली आहे. सहीची शाई जरा पसरली आहे. माझ्याकडून वर्षभरात मनाने, वाणीने, देहाने जे काही दुखावले गेले असेल त्याची क्षमा मागतो. देहात यंदापासून नळीही धरावी.

आता ऐका. आपण अर्धे ऐकलेच आहे, परंतु बाकीचे कोण सांगणार?

पहिल्या दिवशी मी गादीवर बसलो. सभेत खोकला, कुजबूज, बांगड्यांचा आवाज. सारे बुचाकडे पाहत होते, सूत्राकडे कोणी नाही. मी सुरुवात केली. श्वास कुठे घ्यायचा हे मला पहिल्यांदाच नीट ठाऊक होते. इतकी वर्षे मी शास्त्र वाचले ते बुडत्या माणसाने काठ धरावा तसे, अर्धे ध्यान शब्दावर आणि अर्धे जागे राहण्यावर. आता सारे ध्यान शब्दावर. अर्थ सांगताना मला माझ्याच तोंडून नव्या गोष्टी ऐकू येऊ लागल्या. तिसऱ्या दिवशी बुचाकडे पाहणे थांबले. पाचव्या दिवशी बाहेर ओसरीत माणसे बसली. सातव्या दिवशी भागिरथीबाई माझ्या पाया पडल्या आणि म्हणाल्या, "मौन सोडलं ते बरंच केलं बाप्पा. बोलता तुमी चांगलं."

अनंत चतुर्दशीला मंदिरात जागा नव्हती. शफीक बाहेरच्या पायरीशी उभा होता, स्वतः शिवलेला सदरा कसा बसला ते पाहायला. पहिल्यापासून शेवटपर्यंत सारी सूत्रे एका बैठकीत वाचायची असतात. वाचली. एक अक्षर गिळले नाही, एक महाप्राण सोडला नाही. शेवटचे सूत्र झाले आणि सभेतून जयघोष उठला. माणिकचंद शेठ माझ्याजवळ आले आणि या वेळी मऊ आवाजात नव्हे, साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पुढच्या साली बी तुमीच." दोनदा मला गादीवरून उतरवणाऱ्या माणसाने हात धरून मला उठवले. हीरालालजी, मी आयुष्यात इतका जागा कधी नव्हतो.

आणि गादीवरून सारे दिसते. दाराजवळ, चपलांच्या बाजूला, खांबाआड एक केशरी पगडी होती. ती पहिल्या सूत्राला होती आणि शेवटच्यालाही. मधे कुठेतरी पगडीखालच्या माणसाने उपरण्याने डोळे पुसले. कारंज्याच्या हवेत रुईचे तंतू फार असतात. पंक्तीत यायला आपण थांबला नाही, संध्याकाळची वाशीमची गाडी धरली. उंबऱ्याला पाय लावणार नाही असा शब्द होता. मंदिराचा उंबरा त्यात येत नाही, हे मला मान्य आहे.

आपण जे पाहिले नसेल ते लिहितो, आणि त्यासाठीच हे पत्र आहे.

बायकांच्या बाजूला भिंतीला टेकून कंचन बसली होती. ती झोपली होती. मी वाचायला बसलो तेव्हाच तिची मान कलली आणि जयघोष झाला तेव्हाही ती उठली नाही. ज्या आवाजासाठी तिने सारा पावसाळा रुई हातात धरून काढला, त्यातले एक सूत्रही तिच्या कानी पडले नाही. घरी आल्यावर तिने मला विचारले, "चांगलं झालं का?"

ती रात्री झोपत नाही. नागपूरहून आल्यापासून नाही. पूर्वी मी घोरत असे तेव्हा तो आवाज तिला सांगे की मी आहे. आवाज थांबला की ती मला कोपर मारून वर काढी. आता आवाजच नाही. मी झोपतो, आणि ती माझ्या गळ्यापाशी तळहात धरून बसते, हवा लागते का पाहत. नळीत कफ धरला तर, ही तिची भीती आहे, आणि ती खोटी नाही. डॉक्टरांनी तसे सांगितलेले आहे. तिला झोप म्हटले की झोपते म्हणते. मी जागा राहून पाहायचे ठरवतो आणि मला झोप लागते. इतकी चांगली झोप मला लागते.

परवा चुलीपाशी बसल्या बसल्या तिची मान गेली. पदराला धग लागली होती. भागिरथीबाई होत्या म्हणून निभावले. हात भाजला आहे, थोडा. आपल्याला कळवू नका असे तिने सांगितले आहे.

दुसऱ्या कोणाच्या भरवशावर ती डोळे मिटणार नाही, मी विचारून पाहिले. "भाऊ असता तं झोपली असती," एवढेच म्हणाली, आणि लगेच दुसरे काही बोलू लागली.

मला माझ्या गळ्याची भीती वाटत नाही. मला कंचनची भीती वाटते. आपण या. माझ्याशी बोलू नका वाटल्यास. काही रात्री माझ्या खाटेशी बसा, आणि तिला झोपू द्या.

कैलासचंद